ज्वारीचा पाहुणचार

मी ज्वारीचं रोप मुळासकट उपटलं आणि अप्पांच्या नाकासमोर धरलं. "घ्या वास."

अप्पांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मुळं काळी पडली होती. कुजल्यासारखा आंबूस वास येत होता. वरची पानं हळदीसारखी पिवळी.

"रोग पडला वाटतं," अप्पा म्हणाले.

"रोग नाही. हिला कुणीतरी रोज पाणी पाजतंय."

अप्पांनी नजर नारळाच्या झावळ्यांकडे वळवली. सरकारी नोकरीत मी आयुष्यभर शेतकऱ्यांचे चेहरे वाचले आहेत. तालुका कृषी अधिकारी म्हणून रिटायर झाले आणि मुलाने वसईकडे बोळिंजला फ्लॅट घेतला म्हणून इकडे आले. माहेर माझं मंगळवेढ्याकडचं. ज्वारीच्या रानात वाढलेली बाई मी. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या पिकाला कुणी छळलं तर मी रिपोर्ट लिहिते, पण ज्वारीला छळलं तर माझं डोकंच फिरतं.

आता हे प्रकरण काय, ते सांगते. आगाशीजवळ राऊतांची वाडी आहे. इकडे वाडी म्हणजे बागायत: केळी, नारळ, पानवेल, थोडी फुलं. अप्पा राऊत त्या वाडीचे मालक. त्यांची थोरली सून वैशाली शाळेत भूगोल शिकवायची. भारताची शेती हा धडा शिकवताना एका मुलाने तिला विचारलं, "टीचर, गहू झाडाला लागतो का?" बस! तिच्या डोक्यात भुंगा शिरला. नोकरी सोडून तिने घरच्याच वाडीत शेतीचं उद्यान उभारायला घेतलं. देशाच्या निरनिराळ्या भागांतली पिकं इथे लावायची आणि शाळांच्या सहली आणायच्या. तांत्रिक सल्ल्यासाठी तिने मला धरलं. मीही घरी बसून कंटाळले होते, लगेच हो म्हटलं.

तिची आखणी मला फार आवडली. राज्याप्रमाणे वाफे पाडण्याऐवजी तिने पाण्याप्रमाणे थांबे केले होते. पहिला थांबा डोंगरउताराचा. तिथे पावसावर घेतलेली नाचणी, कापणी झाल्यावर ताटं मुद्दाम उभी ठेवलेली. दुसरा थांबा ओलीवरच्या शेतीचा, म्हणजे पाऊस संपल्यावर जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर येणारी पिकं. त्यात आमच्या सोलापूरकडची ज्वारी आणि मराठवाड्याचा हरभरा, शेजारी राजस्थानची मोहरी. तिसरा थांबा विहिरीचा, तिथे वसईचीच केळी आणि पानवेल. चौथा कालव्याचा, पंजाबचा गहू. माणसाने आधी पाऊस वापरला, मग ओल राखली, मग विहीर खणली, मग नदीच वळवून आणली. पोरांना चालता चालता हे सगळं कळावं असा बेत होता. पाचव्या थांब्यावर 'आजची शेती' अशी नुसतीच पाटी होती. तिथे काय ठेवायचं ते ठरत नव्हतं.

वैशालीचा दीर संदेश म्हणायचा, "ड्रोन ठेवा. पोरं खूश."

संदेशबद्दलही सांगायला हवं. पोरगा दिलखुलास, पण त्याला वाडीचं लग्नाचं लॉन करायचं होतं. हिरवळ, स्टेज, पार्किंग, सगळा नकाशा त्याच्या मोबाइलमध्ये तयार. घरात बरीच चर्चा होऊन असं ठरलं होतं की एक हंगाम वैशालीला द्यायचा. फेब्रुवारीत पहिली सहल येईल. ती रंगली तर उद्यान, फसली तर लॉन. अप्पांचा शब्द शेवटचा. त्यामुळे वैशालीसाठी ती सहल नव्हती, परीक्षाच होती. मला ती एकदा म्हणाली, "मॅडम, लॉन झालं ना, तर मी या घरात राहीन, पण वाडीकडची खिडकी उघडणार नाही." गंमतीने नाही म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

आणि डिसेंबरात माझी ज्वारी पिवळी!

वैशाली शपथेवर सांगत होती की तिने ज्वारीला पाणी दिलं नाही. ज्वारीसाठी आम्ही मुद्दाम काळी माती ट्रकने आणून वाफ्यात भरली होती. काळी माती पाणी धरून ठेवते, तोच तिचा गुण. पेरताना एकदा भिजवली की मालदांडी ज्वारी थंडीच्या दवावर सुद्धा तग धरते. तिच्या मुळाशी रोज पाणी साचलं तर बिचारी श्वास कशी घेणार? मी कुणाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वाडीवर गेले. बघते तर अप्पा धोतराचा काचा मारून, हातात फावडं घेऊन ज्वारीच्या वाफ्याचं तोंड उघडतायत. मागे मोटर धडधडतेय. पाटातून पाणी खळखळत येतंय.

"अप्पा!"

ते दचकले. मग मलाच म्हणाले, "मॅडम, एवढ्या लांबून आलेली पिकं ती. पाहुणी आहेत आमची. दारात आलेल्या पाहुण्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही?"

मी कपाळावर हात मारला. वाडीवाल्यांना कोरडी माती बघवतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या केळीला आणि पानवेलीला रोज पाणी देत आलेली माणसं. जमिनीला भेग पडलेली दिसली की यांचा हात फावड्याकडे जातो. आणि आमच्याकडे ज्वारीच्या रानाला भेगा पडल्या की आम्ही कोळपं फिरवून वरच्या भुसभुशीत मातीने त्या बुजवतो, पाणी नाही देत. एकाच देशातली दोन शेतकरी माणसं आम्ही, पण माया करायची रीत अगदी उलटी.

"आणि हे पाहुण्यांसाठीच घेतलं," अप्पांनी अभिमानाने मोटरकडे बोट दाखवलं. नवी कोरी, मोठ्या ताकदीची. जुनी छोटी मोटर काढून त्यांनी ही उद्यानासाठी खास बसवली होती. "आमच्या अख्ख्या आळीत पहिली मोटर माझीच होती, मॅडम. लोक बघायला आले होते."

मी ज्वारी, हरभरा आणि मोहरीचं पाणी बंद करायला लावलं. गव्हाला किती आणि कधी, केळीला किती, ते वैशालीला समजावून सांगितलं. ज्वारी हळूहळू सावरू लागली. म्हटलं, सुटलो.

कसलं सुटलो! आठवडाभरात केळीच्या पानांच्या कडा करपल्या. विस्तव लावल्यासारखी तपकिरी किनार. हरभऱ्याची तर शेंड्यापासून राख व्हायला लागली. पानवेलीची पानं बारकी आणि जाड येऊ लागली. अप्पांना आयतं हत्यार मिळालं.

"बघा, पाणी तोडलंत, झाडं वाळली."

"अप्पा, केळीचं पाणी मी तोडलेलं नाही. केळीला रोज मिळतंय."

"मग का जळतेय?"

मी एक पान उलटंपालटं करून पाहिलं. संदेश केळीच्या पानावरून बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. लॉनला फक्त गवत लागतं. गवत कशावरही येतं." वैशाली तिथून उठून आत गेली. मला त्याचा रागही आला आणि हसूही आलं. सहल आता दूर नव्हती.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. पान काय सांगतं ते ऐकायचं, पण लगेच विश्वास ठेवायचा नाही. पान करपतं ते पाणी कमी पडल्याने, खत जास्त झाल्याने, रोगाने, आणि आणखी एका कारणाने. मी वाफ्यात उकिडवी बसले. वाफ्यांच्या कडेला माती सुकली होती तिथे पांढरट पापुद्रा आलेला. बोटाने उचलला आणि जिभेला लावला.

मीठ!

घरी जाऊन ईसी मीटर घेऊन आले. पेनाएवढं यंत्र असतं हे. पाण्यात बुडवलं की विरघळलेले क्षार किती ते आकड्यात दाखवतं. पाटातल्या पाण्यात धरलं तर आकडा असा चढला की मला वाटलं सेल गेला. पुसून पुन्हा धरलं. तोच आकडा.

"वैशाली, या विहिरीचं पाणी तुम्ही पिता का गं?"

"छे! घरात नळाचं येतं. विहिरीचं फक्त झाडांना."

"कपडे, भांडी?"

"सगळं नळाचं."

म्हणजे या घरात कित्येक वर्षांत कुणीही आपल्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलेलं नव्हतं. झाडं पीत होती, पण झाडांना तक्रार करायला पान जाळण्यापलीकडे काय येतं?

मी अप्पांना म्हटलं, "आज मोटर बंद. उद्या सकाळपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही."

"केळी मरेल."

"एका दिवसात नाही मरत. माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विहिरीवर बोलावलं. संदेशही आला, दात घासत घासत. मी दोरीने कळशी सोडली आणि वरवरचं पाणी काढून एक पेला भरला. मग मोटर सुरू करायला लावली, चहा होईपर्यंत चालू दिली आणि तिच्या पाइपाचं पाणी दुसऱ्या पेल्यात घेतलं.

"अप्पा, हा प्या."

पहिला पेला त्यांनी निम्मा प्यायला. "चांगलं आहे की! गोड आहे."

"आता हा."

दुसऱ्याचा घोट घेतला आणि बाजूला चूळ टाकली. "हे काय! हे तर अर्नाळ्याच्या समुद्राचं."

"दोन्ही तुमच्याच विहिरीचं आहे."

तिथेच कठड्यावर बसून मी समजावलं. समुद्राजवळच्या गावांत जमिनीखाली खारं पाणी असतंच. पावसाचं गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. साय अलगद काढली तर साय मिळते. घाईने पळी खुपसली तर खालचं दूध वर येतं. मोठी मोटर तळातून पाणी खेचते, तेही जोरात आणि तासन्‌तास. वरची साय संपते आणि खालचं खारं वर चढतं. अप्पांच्या पाहुणचारात ज्वारीला रोज पाणी, हरभऱ्याला रोज पाणी, मोहरीला रोज पाणी. त्यासाठी मोटर दुप्पट चालली. विहीर बिचारी किती पुरणार? मी पाणी कमी करायला लावलं तोवर ती बिघडली होती. आणि मीठ सगळ्यात आधी कुणाला बाधतं? केळीला आणि हरभऱ्याला. ज्वारी, गहू, मोहरी त्या मानाने सोशीक.

अप्पांनी दोन्ही पेले उचलून पुन्हा एकमेकांशेजारी ठेवले. मग म्हणाले, "पण पूर्वी नाही व्हायचं असं."

"पूर्वी पाणी कसं काढायचात?"

"रहाटाने. दुसरं काय होतं?"

रहाट म्हणजे विहिरीवरचं मोठं चाक. त्यावर लोट्यांची माळ. रेडा आडव्या दांड्याला जुंपायचा, तो गोल गोल फिरतो आणि लोटे भरून वर येतात. विहिरीच्या थांब्यावर शोभेसाठी म्हणून वैशालीने आगाशीच्या सुताराकडून तसाच एक लहान रहाट करून घेतला होता. आमच्यापासून चार पावलांवर तो उभा होता, तेलपाणी करून, झेंडूची माळ घालून. माझी नजर तिकडे गेली. वैशालीचीही गेली. अप्पांनी ते बघितलं आणि ताडकन उठले.

"नाव काढू नका. तो शोभेचा आहे, शोभेलाच राहील."

"का हो?"

"का? त्या रेड्यामागे फिरून माझं लहानपण गेलं, मॅडम! पोरं क्रिकेट खेळायची आणि मी रेड्याच्या शेपटीमागे गोल गोल. रेडा थांबला की बाबांची हाक, 'अरे, झोपलास काय?' मोटर आणली त्या दिवशी मी त्या रहाटाचं लाकूड चुलीत घातलं. स्वतःच्या हाताने. आणि काय सुख झालं म्हणून सांगू!"

संदेश खो खो हसला. मी नाही हसले. हातांनी आणि जनावरांनी पाणी काढणं काय असतं ते मी आमच्या मोटेवर बघितलंय. जुनं ते सगळं चांगलं, असं म्हणणाऱ्याला एकदा मोटेमागे उभं करायला हवं.

"अप्पा, एक सांगा. रहाट दिवसभर चालायचा का?"

"दिवसभर कसा चालेल? सकाळी चालायचा, मग बंद. पुन्हा उन्हं उतरल्यावर."

"मध्ये बंद का?"

"रेडा दमायचा ना!"

आणि बोलता बोलता ते थांबले. मला पुढे काही बोलावंच लागलं नाही. रेडा दमायचा म्हणून विहिरीलाही विसावा मिळायचा. त्यात कुणाचं शहाणपण नव्हतं की शास्त्र नव्हतं. जनावराची ताकद संपायची, तेवढ्यात गोडं पाणी पुन्हा जमायचं. शिवाय लोटे बुडायचे तेही वरच्याच पाण्यात.

"मोटर दमत नाही," अप्पा हळूच म्हणाले.

"तेवढंच चुकतं तिचं."

पंजाबातही हीच गोष्ट जरा वेगळ्या तऱ्हेने घडली आहे, असं मी वैशालीला सांगितलं. कालव्यांनी गहू पिकवला, पुढे बोअर आले, मोटरी आल्या, देशाचं पोट भरलं. ते खोटं नाही. पण न दमणाऱ्या यंत्राने पाणी खोल खोल नेलं. तिथे पाणी खाली पळालं आणि इथे खारं वर आलं.

आता पेच असा, की रेडा आणायचा कुठून? अप्पा तर दांड्याला हात लावणार नव्हते. मी म्हटलं, "दमणारं काहीतरी पाहिजे ना? आमच्या सोसायटीत दमायला उत्सुक बायका भरपूर आहेत."

आमचा सकाळी चालणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. गुडघे, शुगर, सुनांच्या तक्रारी, सगळं घेऊन आम्ही बागेभोवती फेऱ्या मारतो. वैशालीने सुताराला बोलावून तो लहान रहाट विहिरीच्या तोंडावर बसवून घेतला, अप्पांनीही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना रिक्षांत कोंबून वाडीवर आणलं. "फेऱ्याच मारायच्या ना? इथे मारा, निदान केळीला पाणी तरी मिळेल." दोघी दोघी दांड्याला लागल्या. पहिले लोटे भरून वर आले आणि पाटात पाणी पडलं तेव्हा नगरच्या आमच्या जोशीबाई अशा ओरडल्या की शेजारच्या वाडीतली माणसं धावत आली.

सुरुवातीचं गोडं पाणी मी केळीलाच दिलं, मुळांतलं मीठ धुऊन खाली जावं म्हणून. वर केळीच्याच सुक्या पानांचं आच्छादन घातलं, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि मीठ वर येत नाही. नवीन पानं स्वच्छ हिरवी निघाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पानवेलही हळूहळू सावरली. हरभरा मात्र गेला. पुन्हा पेरायला वेळ नव्हता. मी म्हटलं, नांगरून टाकू, कुणाला कळणार नाही. वैशाली म्हणाली, "नको मॅडम. राहू दे तसाच." आणि तिने तिथे पाटी लावली: 'हा हरभरा जास्त पाण्याने मेला.'

सहल आली. बसमधून मुलं उतरली आणि तिथून पुढे आमचं कुणी काही ऐकलं नाही. नाचणीपाशी थांबा, म्हटलं, तर सगळी हरभऱ्याच्या पाटीपाशी. पाण्याने कसा मरतो? किती पाण्याने? मीठ कुठून आलं? वैशालीचा आवाज बसला उत्तरं देऊन. मग कुणीतरी रहाट पाहिला आणि जी झुंबड उडाली! त्यांच्या सरांनी शेवटी रांग लावली.

एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला लहानपणी रहाट आवडायचा का?"

"अजिबात नाही!" अप्पा गरजले. मुलं हसून लोळली. अप्पा माझ्या कानाशी आले. "काय दिवस आलेत, मॅडम! आमच्याकडे एक रेडा धड चालत नव्हता आणि इथे रांग लावून उभे आहेत."

ज्वारी उंचीला कमी राहिली होती, पण कणसं भरली होती. आम्ही त्यांचा हुरडा भाजला. कोवळे गरम दाणे, वर खोबऱ्याची चटणी. मुलांच्या आधी संदेशनेच दोन द्रोण संपवले. मग बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, शनिवार-रविवार हुरडा ठेवला तर मुंबईहून लोक येतील. आपण नीट करू ना."

"आणि लॉन?" वैशालीने विचारलं.

त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "पाना आण."

दोघांनी मिळून ती मोठी मोटर उतरवली. तिच्या जागी जुनीच छोटी बसवली, पाइपाचं तोंड ड्रमला बांधून वरच्या पाण्यात तरंगत ठेवलं, आणि दुपारी ती चालवायची नाही असं ठरलं. नेहमीची कामं तिच्यावर, रहाट सहलींना आणि माझ्या ग्रुपच्या गुडघ्यांना. मोठीचं काय करायचं, असं मी विचारलं तर अप्पा ती संदेशच्या खांद्यावर देऊन पाचव्या थांब्याकडे निघाले. 'आजची शेती' या पाटीखाली तिला ठेवलं, रहाटावरची झेंडूची माळ काढून तिला घातली. वैशालीने खाली लिहिलं: 'ही कधी दमली नाही.' बिचारी शोभेला बसली आणि शोभेचा होता तो कामाला लागला.

वैशालीने वाडीकडची खिडकी सताड उघडली आणि सगळ्यांना चहाला हाक मारली. त्या दिवशीचा चहा विहिरीच्या पाण्याचा होता. छान झाला होता.

या नोकरीतून मी एक गोष्ट शिकले, आणि रिटायर झाल्यावर पुन्हा शिकले. पिकाला किती द्यायचं ते पिकाच्या गावाला विचारावं, आपल्या मायेला विचारू नये. अप्पांनाही हे पटलं आहे. परवाच त्यांचा फोन आला.

"मॅडम, यंदा ज्वारी छान उगवलीय. पण ऊन जरा जास्त वाटतंय. थोडंसंच, अगदी लोटाभर..."

"अप्पा!"

"नाही, नाही. नुसतं विचारलं."